बिस्मिल्लाचा 'ब'

मी उर्दू हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. पाचवीत येणाऱ्या काही मुलांचे उच्चार अजून पक्के झालेले नसतात. त्यांना मी सांगते, 'ब' म्हणताना ओठ मिटा, तोंडात हवा साठू द्या आणि मग ओठ उघडा. हवा नाकातून निसटली की त्याच 'ब'चा 'म' होतो. बी.एड. करताना हे मी शिकले होते. त्याचा अर्थ मात्र मला घरच्या दस्तरखानावर कळला.

भाईजान माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. सोलापुरात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. साखरेचा आजार जुना. एप्रिल 2021 मध्ये त्यांना कोविड झाला, स्टेरॉइड द्यावी लागली, साखर चारशेच्या वर गेली. बरे होऊन घरी आले तेव्हा आम्ही शुक्राना पढलो. आठवड्याभरात डावा गाल सुजला, वरचे दात हलू लागले आणि टाळूवर काळा डाग दिसला. म्युकरमायकोसिस. काळी बुरशी. जुलै 2021 पर्यंत देशात तिच्या 45 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, त्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या एकेका इंजेक्शनसाठी माझे शौहर शहरभर फिरत होते. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांनी डावीकडचा वरचा जबडा, अर्धी टाळू आणि डोळ्याखालचं हाड काढलं. डोळा वाचला. अल्लाहचं करम.

जीव वाचला, पण चेहरा गेला. डावा गाल आत बसला, डोळा खाली ओघळल्यासारखा झाला. तोंडाला आणि नाकाला वेगळं ठेवणारी भिंतच उरली नव्हती. टाळूचं भोक झाकायला प्लास्टिकची पट्टी दिली होती, पण तिला धरायला त्या बाजूला दातच नव्हते. ती सरकायची. प्यालेलं पाणी नाकातून यायचं. जेवायला बसताना भाईजान म्हणायचे ते ऐकू यायचं 'मिस्मिल्ला'. एकदा त्यांचा धाकटा मुलगा हसला. भाभींनी त्याला मारलं. त्या दिवसापासून भाईजान आपली थाळी घेऊन मागच्या खोलीत जाऊ लागले. 2022 च्या रमजानमध्ये इफ्तारलाही ते तिथेच बसत. आम्हांपैकी कोणीही त्यांना थांबवलं नाही.

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. त्याच वर्षी धाकट्या बहिणीची मंगनी होती. मुलाकडचे येणार म्हणून सकाळीच मी म्हणाले, "भाईजान, तुम्ही थकाल. आत आराम करा." ते माझ्याकडे बघत राहिले आणि 'हो' म्हणाले. मी समावेशक शिक्षणावर प्रकल्प लिहिलेली बाई. वर्गात अपंग मुलाला पहिल्या बाकावर बसवा असं सहकाऱ्यांना सांगणारी. आणि ज्या भावाने मशीन चालवून माझी बी.एड.ची फी भरली, त्याला मी आतल्या खोलीत बसवला.

पुण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की आता बुरशीचा मागमूस नाही, साखर आटोक्यात ठेवली तर टायटॅनियमचा जबडा बसवता येईल. घरात दोन तट पडले. दादीमाँ म्हणाल्या, "अल्ला ने दी सो सूरत है. उसमें लोहा नको डालो." शेजारच्या खालांनी आणखी एक शंका काढली. वजूत कुल्ली पोचेल का? आणि मय्यतीच्या वेळी ते काढावं लागेल का? मला राग आला. पण भाईजान शांतपणे म्हणाले, "विचारून तर घेऊ." हे प्रश्न त्यांचेही होते.

हाफिजसाहेबांनी आम्हांला हजरत अरफजा यांचा किस्सा सांगितला. इस्लामपूर्व काळात, कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. अबू दाऊद आणि तिर्मिजी दोन्हींत ही हदीस आहे. पुरुषाला सोनं मना, हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. तरीही गेलेल्या नाकासाठी त्याची इजाजत मिळाली. हाफिजसाहेब म्हणाले, "नटण्यासाठी सूरत बदलणं वेगळं आणि मोडलेलं जोडणं वेगळं." कुल्लीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर पुरेसं आहे. आणि मय्यतीची चीरफाड करायची नसते, बसवलेलं तसंच राहील. दादीमाँ थोडा वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "वो चांदी का नाक सड्या क्यूँ?" हा प्रश्न मी पुढे डॉक्टरांना विचारला.

धर्माकडून होकार आला. अडवलं ते कागदाने. मदत देणाऱ्या एका कार्यालयात बाबूंनी अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे सौंदर्याचं काम आहे. यात बसत नाही." मी भाईजानना पुढे बोलावलं आणि टेबलावरचं पाणी प्यायला लावलं. पाणी नाकातून शर्टावर आलं. बाबूंनी मान खाली घातली, पण अर्ज परतच आला. शेवटी शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलं. घरी येताना भाईजान एकही शब्द बोलले नाहीत. मी त्यांना पुन्हा एकदा वापरलं होतं, या वेळी दाखवण्यासाठी.

पुण्यात आधी कवटीचा सी.टी. स्कॅन झाला. संगणकाने उजवी, शाबूत बाजू आरशातल्यासारखी उलटवून डावीकडे ठेवली आणि काय कमी आहे ते दाखवलं. मग भाईजानच्या कवटीची प्लास्टिकची प्रतिकृती आमच्या हातात दिली. भाभींनी ती ओढणीत धरली. टायटॅनियमची भुकटी लेझरने थरावर थर वितळवून त्या मापाचा सांगाडा तयार होतो. उरलेल्या गालफडाच्या हाडाला तो स्क्रूने बसवतात, वर दात लावतात. भाईजान शिंपी. ते म्हणाले, "म्हणजे माप घेऊन शिवलेलं."

दादीमाँचा प्रश्न मी विचारला. डॉक्टर म्हणाले, चांदी शरीरातल्या ओलाव्याने काळी पडते, खराब होते. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे ते गंजत नाही आणि हाड त्याला घट्ट धरतं. ही गोष्ट स्वीडनचे ब्रोनेमार्क यांच्या 1952 मध्ये सशाच्या हाडावर प्रयोग करताना ध्यानात आली. 1965 मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाला असे दात बसवले, तो माणूसही जन्मापासून जबड्याचं व्यंग घेऊन आलेला होता. डॉक्टरांनी धोकेही लपवले नाहीत. जंतुसंसर्ग होऊ शकतो, हिरडी मागे सरून धातू उघडा पडू शकतो, कधी सगळं काढावंही लागतं.

त्या वेटिंगमध्ये एक मुलगी होती, तिला जन्मतः एक कान नव्हता. तिच्यासाठी सच्छिद्र पॉलिथिलीनचा कान ठरला होता. त्याच्या बारीक छिद्रांत आपलं मांस आणि रक्तवाहिन्या वाढतात. एका काकांचा डोळाच बुरशीत गेला होता. पापण्यांसकट सिलिकॉनचा डोळा चुंबकावर बसवून ते पेपर वाचत होते. मला आठवलं, याच पुण्याजवळ 1793 च्या सुमारास एका कारागिराने नाक कापलेल्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं होतं. ती हकिकत 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि तिकडचे सर्जन ती पद्धत शिकले. त्या गाडीवानाचं नाक टिपू सुलतानच्या सैनिकांनी कापलं होतं. हेही मी वर्गात सांगते, लपवत नाही. कापणारे हात सगळीकडे असतात, जोडणारेही.

जानेवारी 2023 मध्ये ऑपरेशन झालं. भाईजान पूर्वीसारखे दिसत नाहीत. नाकाशेजारून ओठापर्यंत व्रण आहे. दाढी करताना डाव्या गालाला वस्तऱ्याचा स्पर्श कळत नाही. डोळा अजून किंचित खाली आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि साखरेचा धाक आहेच. पण त्यांचं पाणी पोटात जातं. गिऱ्हाइकांशी ते फोनवर बोलतात.

त्या रमजानच्या पहिल्या इफ्तारला ते आपली थाळी घेऊन आले आणि अब्बांच्या उजव्या हाताला, आपल्या जुन्या जागी बसले. अजान झाली. खजूर उचलून ते म्हणाले, "बिस्मिल्लाह." ओठ मिटले, हवा साठली, ओठ उघडले. 'ब' आला. माझी खजूर हातातच राहिली.

हा लेख पाठवण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. मंगनीचा भाग आला तेव्हा माझा आवाज अडखळला. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाले, "उस दिन अंदर के कमरे में पंखा बी नै था. वो बी लिख."