प्रवाळाची फांदी

न्यू जर्सीतील एका घराच्या तळघरात रविवारी प्रवाळ पाळणारी मंडळी जमतात. कॉफी निवत राहते. साऱ्यांचे डोळे निळ्या उजेडातल्या काचपेटीकडे. यजमान जांभळ्या प्रवाळाची बोटभर फांदी छाटतो, सुपरग्लूने चिनी मातीच्या चकतीवर चिकटवतो आणि पाहुण्याच्या हाती देतो. हे औदार्य म्हणावे की सावधपणा? २०१२च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने वीज गेली, पंप थांबले, पाणी गारठले. वर्षानुवर्षे जपलेली प्रवाळे पांढरी पडली. यजमानाचेही सारे गेले. आजची फांदी मुळात त्याच्याच वाणाची. वादळापूर्वी कोणाला दिलेली, तिथून तिसऱ्याकडे गेलेली, आणि एका वृद्धेने आणून परत दिलेली. ती बाई यंदा आलेली नाही. तिच्या वाट्याची चकती तेवढी बाजूला ठेवली आहे.