ताशी ५७ मैल

लेक अकरावीत गेली. इथे अमेरिकेत डिव्हिजन वनच्या सॉफ्टबॉल कोचना मुलींशी निवडीबद्दल बोलता येतं ते अकरावीच्या १ सप्टेंबरपासून. आपण आधी ईमेल पाठवायची, उत्तराची वाट बघायची. म्हणून उन्हाळाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर हेच: पदवीचं वर्ष, मार्क, स्पर्धांचं वेळापत्रक, छोटासा व्हिडिओ. तो मीच काढला. ४३ फुटांवरून टाकलेले चेंडू, एकदा मागून, एकदा बाजूने. बाकी मला त्या खेळातलं फार कळत नाही.

ती पिचर. वेगापुढे तिने ५७ लिहिलं. मी म्हटलं, "६० लिही गं. सगळ्याच लिहीत असतील."

"आई, त्यांच्या कॅम्पमध्ये रडार असतं," एवढंच बोलली आणि माझ्याकडे बघत राहिली.

दशलक्षण पर्व चालू होतं. त्या संध्याकाळी उत्तम आर्जवाची पूजा. मन, वाणी, कृती सरळ, असं मी अर्घ्य चढवताना म्हणत होते आणि डोळ्यांपुढे तो साठचा आकडा. मेल ५७ लिहूनच गेली.

१ सप्टेंबरला फोन दिवसभर गप्प. रात्री ती जेवलीच नाही, मलाही बोलवेना. नंतर डिव्हिजन थ्रीच्या एका कोचचं उत्तर आलं. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, म्हणजे फीचा हिशेब नव्याने मांडायचा. त्यांनी विचारलंय, चेंज-अप कसा पडतो?

सध्या परसात बादली पालथी घालून मी बसते, ती टाकते, मी झेलते. निम्मे सुटतात.