१०० मेगापिक्सेल आणि तिसऱ्या रांगेतली आजी

कॅमेऱ्यांच्या जगात एक धंदा बारमाही चालतो, पुढच्या कॅमेऱ्याच्या अफवांचा. अमुक कंपनी १०० मेगापिक्सेलचा आणणार, तमुक मॉडेलचे स्पेक्स फुटले, वगैरे. मीही हे सगळं भक्तिभावाने वाचतो. (घ्यायचं काहीच नसतं, हा भाग वेगळा!)

पण माझ्या धाकट्या मावसभावासाठी हा टाइमपास नाही. परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला त्याचा छोटासा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईवर सगळं वर्ष निघतं. परवा फोनवर म्हणाला, "दादा, नवीन १०० मेगापिक्सेलवाला यायलाय म्हणे. थांबू का २४ वाला घेऊन टाकू?" प्रश्न लाखांतला, आणि कर्ज त्याच्या नावावर. म्हणून जरा गणित मांडून बघितलं.

आधी थोडा इतिहास. कॅननने २०१५ मध्ये ५०.६ मेगापिक्सेलचा ५डीएस आणला. पुढे २०२० च्या आर५ मध्ये आकडा ४५ वर आला आणि २०२४ च्या मार्क-२ मध्येही तिथेच राहिला. सोनीने २०१९ मध्ये ए७आर-४ ला ६१ दिले. २०२२ च्या ए७आर-५ लाही ६१च. त्याच सोनीने २०२३ मध्ये ग्लोबल शटरचा ए९-३ काढला, तो साधारण २४ चाच. १०० हवेतच तर फुजीफिल्मचा जीएफएक्स१०० २०१९ मध्येच आला, पण त्याचा सेन्सर मोठा, लेन्स वेगळ्या आणि किंमत.. असो. माझा अंदाज असा की आकडा वाढेल, पण सावकाश. खरी चुरस आहे ती सेन्सर किती झटकन वाचला जातो आणि फोकस डोळ्यावर किती घट्ट बसतो याची. मांडवातल्या एलईडीच्या झगमगाटात फोटोवर पट्टे उमटतात ना, त्यावर पिक्सेल नाही, हा वेगच कामाला येतो.

आता गरज किती? अल्बमचं उघडलेलं पान १२ × ३६ इंच. ३०० डीपीआयने ३६०० × १०८००, म्हणजे सुमारे ३९ मेगापिक्सेल. पण असा आडवा पानभर फोटो अल्बममध्ये एखादाच असतो. अर्ध्या पानाला साडेएकोणीस पुरतात. उलट १०० मेगापिक्सेलची रॉ फाइल, १६ बिट आणि कॉम्प्रेशनशिवाय, सुमारे २०० एमबीची. एका लग्नाचे ३००० फोटो धरा, झाले ६०० जीबी. म्हणजे हार्ड डिस्क आली, नवा पीसी आला..

हे सगळं ऐकून तो म्हणाला, "अल्बमचं नाही रे दादा. लोकं नंतर येतात त्याचं काय?"

नंतर म्हणजे माणूस गेल्यावर. घरात म्हातारीचा एकही धड फोटो नसतो. चार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन मुलगा स्टुडिओत येतो. तिसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवी. "यातून आईचा मोठा करून द्या, तेराव्याला हार घालायचाय."

हा रिझोल्यूशनचा खरा प्रश्न! ग्रुप ६ मीटर रुंद, २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद. म्हणजे एका मिलिमीटरला एक पिक्सेल. १५ सेंटिमीटरचा चेहरा म्हणजे १५० पिक्सेल. भिंतीवरच्या फ्रेममध्ये तो ५ इंच करायचा, तर इंचाला ३०. आणि १०० मेगापिक्सेल घेतले तर? रुंदी फक्त दुप्पट होते, म्हणून इंचाला ६०. तरीही धूसरच. एआय चेहरा गुळगुळीत करून देईल, पण नसलेलं ते अंदाजाने भरतं. डोळे सुंदर येतील, आईचे येतीलच असं नाही.

आता तोच २४ वाला कॅमेरा. आजीला एकटीला खुर्चीत बसवा, कॅमेरा उभा धरा, फ्रेममध्ये ६० सेंटिमीटर रुंदी घ्या. चेहऱ्याला १००० पिक्सेल मिळतात, इंचाला २००. भिंतीवर झकास! लेन्स तीच ठेवून अंतर निम्मं केलं की चेहऱ्यावर चौपट पिक्सेल येतात. २४ चे ९६ झाले की, तेही फुकटात.

म्हणून माझं मत : थांबू नये, २४ वाला घ्यावा. उरलेल्या पैशांत दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, एक स्टुडिओत आणि एक घरी. आणि प्रत्येक लग्नात, पंगती सुरू असताना, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकेकट्याचा एक फोटो काढून ठेवावा. कुणी सांगितलं नसलं तरी.

आणि हे फक्त स्टुडिओवाल्यांचं काम नाही बरं का. पुण्या-मुंबईहून आपण लग्नाला गावी जातोच. खिशातला फोन त्याला पुरेसा आहे. आजीला दाराशी, उजेडाकडे तोंड करून बसवायचं, झूम करायचं नाही, दोन पावलं पुढे जायचं. ती "माझा कशाला काढतोस बाबा" म्हणेलच. तरी काढायचा.