चोवीसांत एक

नारायणगुड्याच्या चौरस्त्याजवळ एका जुन्या घराच्या माडीवर आमचे बालपण गेले. पलीकडे रोगप्रतिबंधक संस्थेची इमारत होती; तेथे कुत्रे चावलेली माणसे टोचून घ्यावयास येत. थोड्या अंतरावर न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० साली निघालेली शिक्षणसंस्था. आमची शाळा मात्र निराळी. पुढे जे सांगावयाचे आहे त्यात तिचा थोडा उणेपणा येतो, म्हणून तिचे नाव घेत नाही.

१९७६ साली आम्ही दहावीत होतो. जीवशास्त्राचे मास्तर मोठे हौशी गृहस्थ. पाण्याच्या पेल्यावर कांदा बसवून त्यांनी मुळे फुटू दिली, टोके कापून रंगविली, काचेवर दाबली, आणि शाळेतल्या एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून आम्हांला एकेक करून बोलाविले. तांबूस दोऱ्यांचे तुकडे पेशीच्या मध्यभागी ओळीने उभे होते. शेजारच्या पेशीत तेच दोन्ही टोकांकडे निघाले होते. कांद्याची गुणसूत्रे १६, माणसाची ४६. आमच्या काकांच्या जुन्या पुस्तकात माणसाची ४८ छापलेली होती. ती चूक स्वीडनमध्ये ट्यो आणि लेव्हान यांनी १९५६ साली दुरुस्त केली, हे मास्तरांनीच सांगितले. बीजपेशी होताना ही संख्या निम्मी होते, २३ आईची व २३ बापाची मिळून पुन्हा ४६ भरते, येथपर्यंत सारे सुरळीत चालले.

पुढचा पाठ मानवी प्रजननाचा. मास्तरांनी पुस्तक मिटले आणि खिडकीकडे पाहत म्हणाले, "हा घरी वाचा. परीक्षेस येत नाही." मुलींच्या बाकांवर माना खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी मेंडेलचे वाटाणे सुरू झाले. वाटाण्यांचे लग्न लावण्यास कोणाचीच हरकत नव्हती!

त्याच उन्हाळ्यात गुलबर्ग्याहून आमची आत्या आली. तिने वडिलांपुढे पदर पसरून ताईला आपल्या थोरल्या मुलासाठी मागितले. आमच्याकडील देशस्थ घराण्यांत मामाची मुलगी करण्याची चाल जुनी. तेलुगू शेजाऱ्यांत तर प्रत्यक्ष मामाशीही भाचीचे लग्न होई. गोत्र भिन्न, घर पाहिलेले, हुंड्याची बात नाही. सर्वांना पटले. आजी तेवढी पुटपुटली, की आईकडून पाच आणि बापाकडून सात पिढ्या सोडाव्या असे शास्त्रात आहे. तिला सांगण्यात आले की देशाचाराला शास्त्राची आडकाठी नसते. ते खोटेही नव्हते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आईकडून तीन व बापाकडून पाच पिढ्या वर्ज्य केल्या, पण रूढी असेल तेथे मोकळीक ठेवली.

आम्हांला मात्र आत्याच्या धाकट्या मुलाची आठवण सुटेना. तो जन्मतः मुका-बहिरा. आत्याचे यजमानही तिचे नात्यातलेच. घरात त्याला पूर्वकर्म म्हणत. आम्ही वाटाण्यांची चौकट काढली. बहिरेपणाचे अप्रभावी जनुक आईबापांकडे लपलेले, मुलात दोन्ही बाजूंनी एकत्र आलेले. असे असेल, तर आत्याकडे ते निश्चित होते. वडील तिचे सख्खे बंधू, म्हणून त्यांच्याकडे असण्याचा संभव निम्मा, ताईकडे चतुर्थांश. थोरल्या मुलाचा संभव आम्ही निम्मा धरला आणि उत्तर आले बत्तिसांत एक.

ती वही घेऊन आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. मानवी प्रजननाचा पाठ न शिकविणारे मास्तर ओसरीवर बसून तासभर त्या चार घरांच्या चौकटीत बोट फिरवीत राहिले. "थोरल्याला ऐकू येते ना? मग चारांतले एक घर खोडा. उरलेल्या तिनांत दोन." पुन्हा गुणाकार केला. चोवीसांत एक. मग हलकेच म्हणाले, "अंदाज आहे हा. बहिरेपणाची कारणे अनेक. आणि घरी माझे नाव सांगू नका."

त्या वेळी ठाऊक नसलेली एक गोष्ट पुढे वाचनात आली. नात्यातील विवाहांचा अभ्यास आमच्याच प्रांतात आधी होऊन गेला होता. इंग्लंड सोडून १९५७ साली भारतात आलेले हॉल्डेन, त्यांचे शिष्य द्रोणमराजू कृष्णराव. त्यांनी व मीरा खान यांनी आंध्र प्रदेशातील अशा विवाहांचे प्रमाण व परिणाम १९६३ सालीच छापले होते. नात्याबाहेरच्या जोडप्यांत शंभरांत दोन-तीन मुले जन्मजात दोष घेऊन येतात; मामे-आते भावंडांच्या विवाहात हे प्रमाण सुमारे दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुले धडधाकटच निपजतात, हेही तितकेच खरे. आणि गोत्राविषयी म्हणाल, तर ते बापाकडून मुलाकडे जाते, जसे य गुणसूत्र जाते. सेहेचाळिसांतील एकाचीच ती वाट. उरलेल्या पंचेचाळिसांची चौकशी गोत्र करीत नाही. आजीचे पाच-सात पिढ्यांचे गणित आईची बाजूही धरी. त्या अर्थाने ते वाटाण्यांच्या अधिक जवळ होते.

रात्री वडिलांपुढे वही ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहून विचारले, "चोवीसांत एक म्हणजे तेवीस चांगलीच ना रे?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. दाराआडून ताई म्हणाली, "बाबा, आत्याचे दिवस कसे गेले ते मी पाहिले आहे." एवढ्यावरच ते थांबले.

नकाराचे पत्र गेले. त्यात खरे कारण लिहिण्याचा धीर कोणास झाला नाही. ते लिहिणे म्हणजे तुझ्या पोटचे पोर हा दोष, असे बहिणीस कळविणे. वडिलांनी पत्रिकेचे निमित्त सांगितले. आत्या समजली, आपले घर गरीब म्हणून. ताईच्या लग्नास ती आली नाही, आणि पुढे अनेक वर्षे नारायणगुड्याचा जिना चढली नाही.

तो धाकटा मुलगा पुढे छापखान्यात लागला. १९९१ साली त्याचे लग्न झाले, तेही जन्मतः बहिऱ्या मुलीशी. नात्यातली नव्हे, दूरच्या गावची. आम्ही मनात चौकट काढली आणि चारही घरे काळी रंगविली. वर्षभराने बारशाचे बोलावणे आले. आत्यानेच धाडले होते. दोघांच्या बहिरेपणाचे जनुक वेगवेगळे असले, तर मुलाला दोन्हींची एकेक चांगली प्रत मिळते, हे आमच्या वहीत नव्हते. गुलबर्ग्यास गेलो. बाळाला देवळात नेले होते. पुजाऱ्याने आरतीची घंटा वाजविली. पोर दचकले, आणि आवाजाच्या दिशेने मान वळवून पाहू लागले. त्याचे आईबाप त्याच्याकडे पाहत होते. आत्या आमच्याकडे पाहत होती.