चिमण्या आल्या का रे?

आमच्या ओलीच्या नावातच दाणा आहे. बाड्याजवळच्या या दाना ओलीत आमच्या चार पिढ्या गेल्या. पहाटे ओट्यावर मूठभर बाजरी आणि तांदळाची कणी टाकल्याशिवाय आमच्या आईने कधी चहा घेतला नाही. दाणे पडायचा अवकाश, तुळयांच्या फटींतून चिमण्या खाली उतरत. आम्ही मुले ओट्यावर पाठांतर करत असू आणि त्या आमच्या पाटीवरून उड्या मारत जात.

2018 साली पाय मोडल्यामुळे आईला पलंग धरावा लागला. तेव्हा तिचे वय 86 होते. पलंग अंगणाकडच्या खिडकीशी लावला. डोळ्यांनी फारसे दिसत नव्हते, कान मात्र शाबूत होते. ओट्यावर दाणे टाकणे थांबले, म्हणून आम्ही दोघांनी पेरूच्या झाडाला तारेने एक लहान थाळी टांगली आणि बाजरी भरली. अर्ध्या तासात थाळी रिकामी! फांदीवर शेपटी उडवत खारूताई बसलेली. आत आई विचारत होती, "चिमण्या आल्या का रे?"

आम्ही म्हणालो, "आल्या हो."

तिथून आमचे खारीशी युद्ध सुरू झाले. प्रथम तारेला मोहरीचे तेल लावले. न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला तेव्हा तो रागावलाच. तेल खारीच्या केसांना आणि पक्ष्यांच्या पिसांना चिकटते, त्यांना ते स्वच्छ करता येत नाही, असे त्याने सांगितले. आम्ही तार पुसून काढली. त्याच्याकडे तर मांजराएवढ्या करड्या खारी आहेत. त्यांना दाण्यांपासून दूर ठेवायची साधने दुकानात मिळतात आणि या एका विषयावर तिकडे पुस्तकेही निघाली आहेत. आपण एकटे नाही, एवढे समाधान वाटले.

मग तिखट. मिरचीचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना तो जाणवत नाही. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान या दोघांनी अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात रानमिरचीवर अभ्यास केला. त्यांचा लेख 2001 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. तिथे पक्षी मिरच्या खुशाल खात होते, उंदीर तोंड लावत नव्हते. आम्ही बाजरीला तिखट चोळले. खार एक दिवस आली नाही, पण वाऱ्याने तिखट उडून आमचेच डोळे चुरचुरले. पाखरांच्याही डोळ्यांत ते जाणार, म्हणून तोही उपाय सोडला.

शेवटी जे जमले ते साधे होते. थाळी झाडावरून काढून अंगणाच्या मधोमध बांधलेल्या तारेवर टांगली. भिंत, फांदी आणि जाईचा मांडव, सगळ्यांपासून दोन-अडीच मीटर दूर. थाळीच्या वर जुनी परात उपडी लावली, छत्रीसारखी. तारेवरून खार आली की परातीवरून घसरून खाली पडे. पडून तिला काही होत नसे, शेपटी झटकून ती निघून जाई. चार दिवसांनी तिने नाद सोडला. तिच्यासाठी पेरूखाली चार शेंगदाणे ठेवू लागलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला होता. लंकेच्या सेतूला मदत केली म्हणून रामाने खारीच्या पाठीवरून तीन बोटे फिरवली, ही गोष्ट आईने त्याला सांगितली. तो अंगणात जाऊन पट्टे मोजून आला आणि म्हणाला, "पणजी, पाच आहेत!" खरेच आहे. दक्षिणेकडच्या खारीला तीन पट्टे असतात, आपल्याकडच्या खारीला पाच. आई हसून म्हणाली, "मग इकडे अख्खा पंजा फिरवला असेल."

खार हटली. दाणे थाळीत तसेच राहू लागले. चिमणी मात्र एकही आली नाही. आई रोज विचारी आणि आम्ही रोज "आल्या" म्हणत असू.

एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, "खारीला हाकलता ते मला ऐकू येतं. चिमण्यांचा आवाज काही येत नाही. तुळया काढल्या तेव्हाच गेल्या त्या."

आम्हाला उत्तर सुचले नाही. 2004 साली गळक्या छताला कंटाळून आम्हीच तुळया काढून स्लॅब टाकला होता. फटी बुजल्या, घर कोरडे झाले आणि चिमण्यांचे घर गेले. आम्ही दोष देत राहिलो खारीला.

त्यानंतर दोन लाकडी पेट्या करवून घेतल्या. भोक सव्वा इंचाचे, जागा ओट्यावर सावलीत. पहिल्या वर्षी एका पेटीचे भोक कुरतडून खारीनेच गादीतला कापूस भरला. आम्ही तिला हात लावला नाही, तिसरी पेटी केली आणि तिच्या भोकाभोवती पत्रा ठोकला. अंगणाचा एक कोपरा फरशी न घालता मातीचाच ठेवला, तिथे मेंदी लावली. कारण चिमणीची पिल्ले सुरुवातीला दाणे खात नाहीत, त्यांना अळ्या आणि किडे लागतात.

आई 2020 च्या डिसेंबरात गेली. 2021 च्या मार्चमध्ये पत्रा ठोकलेल्या पेटीत एक जोडी काड्या नेऊ लागली. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेच्या पुढाकाराने तो 2010 पासून साजरा होतो. त्या दिवशी आम्ही दोघे खिडकीशी, आईच्या जागी बसलो. चिवचिवाट चालू होता. यावेळी कुणी विचारले असते तर खरे सांगता आले असते.

विद्यार्थी मित्रांनो, खारीला दाण्यांपासून दूर ठेवायचे असेल तर परात आणि मोकळी जागा पुरे. तेल, तिखट, गलोल काही नको. थाळी आठवड्याला धुवा, सकोऱ्यातले पाणी रोज बदला. आणि पालकांना विनंती, घराची दुरुस्ती काढाल तेव्हा एखादी फट, एखादा कोनाडा राहू द्या. तो बुजवून झाला असेल तर पेटी लावा. आमच्याकडे दोन पेट्या जास्तीच्या आहेत, त्या शाळेच्या कार्यालयात ठेवून जातो. ज्यांना हव्या असतील त्यांनी न्याव्यात.