अरुंद वाट

खेड्याकडे जाणारी वाट बहुधा अरुंद असते. शहरातून निघालेला प्रशस्त रस्ता तालुक्याच्या गावापर्यंत येतो. तेथून त्याला फाटे फुटतात, आणि शेवटच्या वाडीपाशी पोचेपर्यंत त्याची गाडीवाट झालेली असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेट खेड्यांत शिरू लागले, तेव्हा तेही अशाच एका अरुंद वाटेने गेले. ती वाट म्हणजे टेलिफोनची तांब्याची तार.

भारतात इंटरनेट सर्वसामान्य लोकांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. घरचा संगणक मोडेम नावाच्या लहानशा पेटीला जोडायचा, ती पेटी टेलिफोनच्या तारेला जोडायची, आणि एखाद्या परिचिताला टेलिफोन करावा त्याप्रमाणे इंटरनेट पुरवणाऱ्या केंद्राचा क्रमांक लावायचा, अशी त्या वेळची रीत होती. म्हणूनच तिला ‘डायल-अप’ हे नाव पडले. पलीकडच्या टोकालाही एक मोडेम असे. क्रमांक लागताच दोन्ही मोडेम शिट्ट्या, खरखर आणि घरघर अशा चमत्कारिक आवाजांत एकमेकांशी बोलू लागत. ऐकणाऱ्याला तो गोंगाट वाटे. परंतु ते बोलणे निरर्थक नव्हते. मधली तार किती स्वच्छ आहे, याची त्यांत परीक्षा होई आणि पुढे किती वेगाने बोलावयाचे, हे ठरे.

ही तार मुळी माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली. सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपने असलेला आवाज पलीकडे गेला की टेलिफोनचे काम भागते. एवढ्याशा फटीतून संगणकाची माहिती न्यावयाची होती. संगणकाला शून्य आणि एक हे दोनच अंक ठाऊक. असा एक अंक म्हणजे एक ‘बिट’. भारतात आरंभी तारेतून सेकंदाला ९,६०० बिट जात. पुढे मोडेम सुधारत गेले आणि ही मर्यादा ५६,००० बिटांपर्यंत पोचली. त्यापलीकडे मात्र त्या वाटेने जाणे शक्य नव्हते.

शहरात तरी या मर्यादेच्या जवळपास जाता येई. खेड्याच्या वाट्याला तेवढेही येत नसे. टेलिफोनच्या केंद्रापासून खेडे काही कोस दूर असले म्हणजे तारेतून जाताजाता संदेश क्षीण होतो. पावसाळ्यात तारेच्या जोडांत पाणी शिरते, तांब्यावर गंज चढतो. शेजारून विजेची तार जात असेल, तर तिची गुणगुण टेलिफोनच्या तारेत उतरते. असा गोंगाट ऐकू आला की मोडेम सावध होतो आणि आपला वेग कमी करतो. अर्धवट ऐकलेले शब्द तो पुन्हा मागवतो, त्यातही वेळ जातो. जो सर्वांत दूर राहतो, ज्याला ग्रंथालय जवळ नाही, दवाखाना जवळ नाही, त्यालाच माहिती सर्वांत सावकाश मिळावी, असा हा विपरीत न्याय होता.

परंतु वाट अरुंद आहे म्हणून माणूस प्रवास सोडून देत नाही. तो आधी वाटेतले काटे उचलतो. जाणते लोक टेलिफोन कानाला लावीत, एकच आकडा दाबीत आणि स्तब्ध राहून ऐकत. आकडा दाबताच टेलिफोनचा नेहमीचा सूर थांबतो आणि तारेतली शांतता ऐकू येते. त्या शांततेत खरखर असली, की दोष कोठेतरी आहे हे समजावे. मग घरातली जुनी, लांबलचक तार काढून नवी, आखूड तार घालावी. एकाच तारेवर जोडलेले जादा टेलिफोन सोडवावेत. आणि दोष घराबाहेर असेल तर लाइनमनला खांबावरचे जोड तपासावयास सांगावे. उपाय साधे होते, पण त्यांनी वेग वाढत असे.

न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना या बाबतीत एक निराळाच शत्रू भेटला. तेथे गुरे व मेंढ्या कुरणाबाहेर जाऊ नयेत म्हणून तारेच्या कुंपणातून सुमारे दर सेकंदाला विजेचा एक लहानसा झटका सोडतात. कुंपणाला वाढलेले गवत टेकले किंवा विजेला अडवणारी टोपी फुटली, की ती वीज जमिनीत उतरते आणि शेजारच्या टेलिफोनच्या तारेत टिकटिक ऐकू येऊ लागते. त्या टिकटिकीने मोडेम गोंधळत असे. तेव्हा इंटरनेट वेगवान करण्यासाठी शेतकऱ्याने काय करावे? विळा घेऊन कुंपणाजवळचे गवत कापावे!

काटे उचलून झाल्यावर दुसरा विचार ओझ्याचा. एक कागदभर मराठी पत्र, म्हणजे सुमारे २,००० अक्षरचिन्हे, संगणकाच्या भाषेत ४८,००० बिटांत मावते. सेकंदाला २८,००० बिट नेणाऱ्या खेड्यातल्या तारेवरूनही ते दोन सेकंदांच्या आत पोचते. त्याच तारेने ८० लाख बिटांचे एक छायाचित्र मागवले, तर निव्वळ हिशेबाने पावणेपाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. वाट तीच, भेद ओझ्याचा. म्हणून लोक चित्रे बंद ठेवून केवळ अक्षरे मागवीत. टेलिफोनचे पैसे वेळेवर मोजले जात. म्हणून तार जोडावी, आलेली पत्रे उतरवून घ्यावीत आणि लगेच तार सोडावी. मग निवांत वाचून उत्तरे लिहावीत आणि पुन्हा क्षणभर तार जोडून ती पाठवावीत, अशी काटकसर अंगवळणी पडली होती.

ओझे हलके करावयाचे, तर नेमके हवे काय हे आधी कळले पाहिजे. वारणेच्या खोऱ्यातली गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत वारणानगरच्या परिसरातील सुमारे ७० खेड्यांसाठी १९९८ मध्ये संगणकांची योजना सुरू झाली. शेतीचे ज्ञान, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ काही या संगणकांतून मिळावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांचा मुख्य उपयोग सहकारी साखर कारखान्याच्या ऊसाच्या हिशेबासाठी होऊ लागला. आपला ऊस किती भरला, खत किती उचलले, हे शेतकऱ्याला हवे होते. पुढे संशोधकांनी सात खेड्यांत आठ महिने एक प्रयोग केला आणि त्याचा वृत्तान्त २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याने मोबाइलवरून लहानसा संदेश पाठवावा, आणि मोबाइलवरच त्याला उत्तर मिळावे, अशी ती व्यवस्था होती. ज्यासाठी संगणक मांडला होता, ते काम एका ओळीच्या संदेशात भागले.

जेथे तारच नव्हती, तेथेही माणसाने हार मानली नाही. २००३ च्या सुमारास कर्नाटकातील काही खेड्यांत ‘डाकनेट’ नावाचा प्रयोग झाला. गावोगाव जाणाऱ्या बसमध्ये एक बिनतारी यंत्र ठेवले होते. बस गावातून जाताना तेथील संगणकाची पत्रे ते यंत्र उचलून घेई, आलेली पत्रे देई आणि शहरात पोचल्यावर सर्व टपाल इंटरनेटवर सोडी. कंबोडियात हेच काम मोटारसायकलींनी केले. उत्तर यावयास काही तास लागत; पण जेथे काहीच येत नव्हते, तेथे ते येऊ लागले.

पुढे वाटा रुंद झाल्या. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या साहाय्याने माहिती ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याच्या योजनेला भारत सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये संमती दिली. हीच योजना पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकेत एओएल या प्रसिद्ध कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. मोडेमच्या शिट्ट्या आता बहुतेक घरांतून ऐकू येत नाहीत.

तरीही सर्वांची वाट सारखी झालेली नाही. डोंगराआडच्या वस्तीत मोबाइल हातात धरून उंचवट्यावर उभे राहणारे विद्यार्थी आजही दिसतात. इकडे रुंद वाटेवरच्या लोकांची ओझ्याची सवय मात्र वाढली आहे. चार ओळींच्या सूचनेसाठी मोठे चित्र पाठवले जाते, आणि पाठवणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही, कारण त्याच्या वाटेवर ते क्षणात पोचते. पण रस्त्याची खरी परीक्षा त्याच्या शेवटच्या टोकाला होते. ज्याची वाट रुंद आहे, त्याने संदेश पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबून तो हलका केला, तर शेवटच्या वाडीत उभ्या असलेल्या कोणा मुलाची पाच मिनिटे वाचतात, आणि तेवढ्या वेळात त्याचा धडा वाचून होतो.