चेतासंस्था आपण कशासाठी शिकायची?

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या विहारात महिन्यातले दोन रविवार मानवी चेतासंस्थेचा अभ्यास चालतो. आम्ही म्हणजे महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत काम करणारे नऊ-दहा जण: दोघे समाजशास्त्रात एम.ए., दोन आशाताई, एक एसटीचा वाहक, बाकीचे एमआयडीसीत कंत्राटावर. शिकवते ती आमच्याच वस्तीतली मुलगी, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असलेली. घरी आली की चौरसियांचं पुस्तक मांडीवर घेते आणि फरशीवर खडूने माणूस काढते. मेंदू, त्याखाली मज्जारज्जू, मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या 12 जोड्या, मज्जारज्जूतून निघणाऱ्या 31. तिची परीक्षेची उजळणी होते, आमचं शिक्षण होतं.

एका जुन्या कार्यकर्त्यांनी आम्हाला टोकलं. "आरक्षणाचं उपवर्गीकरण, खाजगीकरण, शिष्यवृत्त्या रखडलेल्या, आणि तुम्ही मेंदूच्या शिरा मोजत बसलाय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सुरुवात महाडपासूनच करू. 25 डिसेंबर 1927 ला इथे मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथात शूद्र आणि स्त्रियांबद्दल काय लिहिलंय ते आपल्या पोरांना पाठ आहे. पण त्याच ग्रंथाने वैद्याचं अन्न पुवासारखं ठरवलंय आणि श्राद्धाच्या पंगतीतून वैद्याला उठवलंय, हे किती जणांना ठाऊक आहे? प्रेताला हात लागला की विटाळ. आता जी व्यवस्था रोग्याला आणि मेलेल्याला शिवणाऱ्यालाच हलका मानते, तिथे शरीररचनाशास्त्र वाढणार कसं? सुश्रुतसंहितेत शवाचा अभ्यास सांगितलाय, नाही असं नाही. पण तिथेही देह वाहत्या पाण्यात कुजवायचा आणि कुंच्याने थर खरवडत पाहायचं. मेंदू आणि चेता मऊ असतात, त्या अशा कुजलेल्या देहात काय टिकणार? पुढे 1836 साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं तेव्हा ती मोठी खळबळजनक गोष्ट ठरली. मेलेली जनावरं ओढणाऱ्या आणि कातडं सोलणाऱ्या आपल्या पूर्वजांनी मांस, शिरा, स्नायुबंध रोज हाताळले होते. त्या माहितीला विद्या म्हणायला मात्र कोणी तयार नव्हतं.

आता विंचवाकडे येऊ, कारण आमच्या अभ्यासाला खरं निमित्त त्याचं आहे.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली जालना जिल्ह्यातले एक तरुण डॉक्टर रुजू झाले, डॉ. हिंमतराव बावस्कर. लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही पोरं, त्यांच्यासमोर दगावत होती. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून लक्षणं टिपली. उलटी, अंगभर दरदरून घाम, हातपाय गार, पुरुषांत लिंग ताठरणं. मग रक्तदाब चढतो आणि फुफ्फुसात पाणी भरतं. 1982 साली ही निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. 1986 साली डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याच नियतकालिकात प्राझोसिन या गोळीचा उपयोग मांडला. गंभीर विषबाधेत पूर्वी तीस-चाळीस टक्के रुग्ण दगावत, ते प्रमाण एक-तीन टक्क्यांवर आलं. 2011 मध्ये 'बीएमजे'त त्यांची पुढची चाचणी आली: प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो. 2022 ला पद्मश्री मिळाली. जगाने वाचलेलं हे काम आपल्या तालुक्यातलं आहे.

यात चेतासंस्था कुठे आली? सगळी तीच आहे. लाल विंचवाचं विष चेतांमधल्या सोडियमच्या वाटा वेळेवर बंद होऊ देत नाही. चेता पुन्हा पुन्हा पेटत राहतात, ॲड्रेनलीन आणि नॉरॲड्रेनलीनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. डॉक्टर याला ऑटोनॉमिक स्टॉर्म म्हणतात, म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेतलं वादळ. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. (या वादळात खवळणाऱ्या चेतांना मराठी परिभाषेत 'अनुकंपी' म्हणतात. ऐकून आमचा वाहक म्हणाला, अनुकंपेने माणूस मरतो हे भगवान बुद्धांना कोणी सांगू नका.)

हे समजल्यावर मांत्रिकाचं दुकान कसं चालतं तेही कळलं. विंचू चावलेल्या बऱ्याच जणांना नुसत्या भयंकर वेदना होतात, वादळ उठत नाही. मोठा काळा विंचू तर दिसायला भीतीदायक, पण बहुधा दुखवण्यापुरताच. अशी माणसं एक-दोन दिवसांत आपोआप बरी होतात आणि श्रेय मंत्राला जातं. ज्याला घाम फुटलाय, ज्याचे हातपाय गार पडलेत, त्याचे महत्त्वाचे तास मात्र त्याच अंगणात अंगारा लावण्यात जातात. "अंधश्रद्धा सोडा" असं भाषण आम्ही वर्षानुवर्षं केलं आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतसुद्धा रात्री विंचू चावला की पावलं मांत्रिकाकडेच वळतात. चेतांचं चित्र काढून सांगितलं तेव्हा पोलादपूरकडच्या एका वाडीतल्या आजी म्हणाल्या, "बाय गो, म्हंजे घाम आला की थांबायचा नाय, असाच ना?" अगदी तसंच.

विंचू चावतो कुणाला, हाही प्रश्न आहे. पेंढ्यात, लाकडाच्या ढिगात, दगडांत, वीटभट्टीवर ज्याचा अनवाणी पाय आणि उघडा हात जातो त्याला. विषाला जात कळत नाही, पण कोणाचा पाय कुठे पडणार ते जातीने ठरवून ठेवलंय.

आमच्या शिक्षिकेची गोष्टही सांगायला हवी. शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभं असताना तिला तिच्याच तुकडीतल्या एकाने विचारलं, "तुझा स्कोअर किती होता गं?" टेबलावरचा देह उघडा, त्याची जात कोणी विचारली नव्हती. हिची विचारली, फक्त आडून. ती म्हणते, निखाऱ्यावरून हात मागे येतो तो मज्जारज्जूच्या पातळीवर, मेंदूला कळण्याआधी. माणसावरून हात मागे येतो तो घरी शिकवलेला असतो. तिचं हे वाक्य आमच्या एम.ए.च्या दोन पेपरांपेक्षा आम्हाला जास्त उपयोगी पडलं. प्रतिक्षिप्त क्रिया बदलत नाही, शिकवलेली सवय बदलता येते. महाडच्या तळ्यावर 20 मार्च 1927 ला हाच दावा मांडला गेला होता.

विहारात खडूने शरीर काढायला काही उपासकांचा विरोध होता. त्यांना आम्ही सतिपट्ठान सुत्ताची आठवण करून दिली. केस, नखं, दात, त्वचा, एकेक भाग नीट पाहा असं तिथेच सांगितलंय, स्मशानातला देहसुद्धा. खुद्दकपाठातल्या 32 भागांच्या यादीत तर मेंदूही आहे. विरोध पुरता मावळलेला नाही, पण फरशी पुसायला आता तेच पाणी आणून देतात.

सध्या दोन कामं हातात आहेत. एक, वादळाची लक्षणं आणि 108 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक वाडीतल्या विहाराच्या, समाजमंदिराच्या भिंतीवर लावणं. लिंग ताठरण्याचं लक्षणही त्यात लिहायचं, कारण लाजेपोटी घरचे तेवढंच डॉक्टरांना सांगत नाहीत. आशाताईंनी आधी मान खाली घातली, मग मजकूर त्यांनीच लिहिला. दुसरं, जवळच्या आरोग्य केंद्रांत प्राझोसिन आणि प्रतिविष शिल्लक आहे का, याची विचारणा. तोंडी विचारलं तर "आहे, आहे" म्हणतात. माहिती अधिकाराचे अर्ज तयार आहेत, सोमवारी टपालात पडतील.